कोठ्यात पडून राहिलेल्या इंजेक्शन गाडीचे सेन्सर आणि वायरिंग कसे तपासावे

विदर्भातल्या खेड्यात जुनी गाडी दुरुस्तीला काढण्याचा मुहूर्त बहुधा कापूस विकून झाल्यावर लागतो, आणि तोवर ती कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, ढेपेच्या पोत्यांना आणि पऱ्हाटीच्या मोळ्यांना टेकून दोन-चार पावसाळे काढून बसलेली असते. कार्ब्युरेटरची गाडी अशा वेळी जेट साफ करून आणि प्लग बदलून बऱ्याचदा सुरू होते. इंधन इंजेक्शनच्या गाडीत मात्र किती पेट्रोल द्यायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो आणि तो सेन्सरांच्या सांगण्यावर चालतो. सेन्सरांचे सांगणे त्याच्यापर्यंत पोचवणारी वायर कुरतडलेली असेल किंवा तिची पिन कळकलेली असेल, तर धडधाकट सेन्सरही खोटा ठरतो. म्हणून अशा गाडीवर काम करताना एकच नियम कटाक्षाने पाळावा: मीटरने दोन्ही टोकांना मोजून पाहिल्याशिवाय एकही सेन्सर विकत घेऊ नये.

पुढची मांडणी मी माझ्या मारुती एस्टीमच्या आधाराने करतो आहे. ही गाडी १९९४ ते २००७ या काळात विकली गेली, आणि तिच्या नंतरच्या आवृत्तीतले १,२९८ सीसीचे, सोळा वॉल्व्हचे, मल्टि-पॉइंट इंजेक्शन असलेले इंजिन आजही खेड्यापाड्यात हौसेने दुरुस्त केले जाते. दिलेले आकडे त्या पिढीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना लागू पडतील असे आहेत. तरी आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा.

माझी गाडी आर्वी तालुक्यातल्या एका कोठ्यात तीन वर्षे उभी होती. बाहेर काढल्यावर ती थंड असताना सुरेख चालत असे, आणि पंधरा-वीस मिनिटांनी, उभ्या जागी, अचानक बंद पडत असे. जिल्ह्याच्या गावातल्या एका मेकॅनिकने पाच मिनिटांत निदान केले, “भाऊ, गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे क्रँक सेन्सर गेला, दुसरा टाकून घ्या.” सेन्सर टाकला, फरक पडला नाही. मग तापमानाचा सेन्सर बदलला, तरीही नाही. शेवटी एका दुपारी इंजिन चालू ठेवून नुसता कान देऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की इंजिन बंद पडते ते नेमके रेडिएटरचा पंखा सुरू होण्याच्या क्षणी. आधीच्या मालकाने नवा पंखा बसवताना त्याची अर्थिंगची वायर ईसीएमच्या अर्थिंगच्या बोल्टलाच जोडली होती, आणि रंगकाम करणाऱ्याने त्या बोल्टच्या लगखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, रंगाचा छान गुळगुळीत थर दिला होता. बॅटरीची ऋण बाजू आणि तो बोल्ट यांच्यामध्ये मीटर लावले, तर पंखा बंद असताना ०.०४ व्होल्ट, पंखा फिरत असताना १.८ व्होल्ट, आणि पंखा सुरू होण्याच्या क्षणी आकडा चारच्या वर उसळून खाली येत होता. त्या क्षणी ईसीएमला पुरेसे व्होल्टेजच मिळत नव्हते. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, पंख्याची वायर वेगळ्या जागी नेली, आणि गाडी नीट झाली. खर्च पॉलिश पेपरचा. त्याआधीचा खर्च इथे लिहीत नाही.

हाताशी काय असावे

डिजिटल मल्टिमीटर हवाच, आणि त्यात कमाल आकडा धरून ठेवण्याची सोय असेल तर उत्तम. त्याबरोबर दोन-तीन बारीक टाचण्या, फ्यूज लावलेली एक लांब जोडवायर, मगरपकड क्लिपा, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणि एक वही एवढे पुरते. टेस्ट लॅम्प पुरवठ्याच्या व अर्थिंगच्या वायरींवरच वापरावा. सेन्सरच्या सिग्नलवर किंवा ईसीएमच्या पिनांवर तो लावल्यास झेपणार नाही एवढा करंट ओढला जाऊ शकतो. कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढून पुढच्या बाजूने मीटरची जाड सळई पिनेत घुसवू नये, कारण तिने पिन रुंदावते आणि जो दोष नव्हता तो तयार होतो. टाचणी मागच्या बाजूने, वायरीच्या रबरी सीलच्या कडेने, अलगद सरकवावी.

तीन गोष्टी अजिबात करू नयेत. डायनॅमो चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. साध्या जुन्या जीपमध्ये ती खपून गेली असेल, पण इंजेक्शनच्या गाडीत त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज ईसीएम जाळू शकते. दुसरे, ट्रॉली बनवणाऱ्याकडून बॉडीला इलेक्ट्रिक वेल्डिंग मारून घेण्याआधी बॅटरी सोडवावी आणि ईसीएमचे कपलर काढून ठेवावेत. तिसरे, एअरबॅगच्या वायरींना मीटर लावू नये. आणि पेट्रोलची नळी उघडी असताना आसपास विडी ओढणारा माणूस नसावा, हे सांगावे लागू नये, पण लागते.

बॅटरी, अर्थिंग आणि पुरवठा

रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा. सेल मारताना तो १० च्या खाली जात असेल तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही, कारण कमी व्होल्टेजवर ईसीएम आणि इंजेक्टर दोन्ही नीट काम करत नाहीत आणि सेन्सरांच्या नावाने भलतेच दोषाचे कोड नोंदले जातात. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत.

अर्थिंग तपासण्याची आपल्याकडची रूढ रीत म्हणजे मीटर बीपवर ठेवून दोन टोकांना लावणे आणि आवाज आला की समाधान मानणे. ही रीत फसवी आहे. माझ्या त्या बोल्टचा रोध ओहमच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढाच होता, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. त्यामुळे बीप खुशाल वाजत होता. संत्र्याच्या बगीच्यात ठिबक चालवणाऱ्याला यातले मर्म लगेच कळेल: फिल्टर अर्धा तुंबलेला असला तरी पुढचे वॉल्व्ह बंद असताना दाबमापक पूर्ण दाब दाखवतो, वॉल्व्ह उघडून पाणी वाहू लागले की मगच फिल्टरच्या पलीकडचा दाब पडलेला दिसतो. वायरीचेही तसेच आहे, करंट वाहत असतानाच तिचे खरे रूप कळते.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवावे, काळी सळई बॅटरीच्या ऋण खांबावरच धरावी (टर्मिनलवर नव्हे, कारण दोष तिथेही असू शकतो), आणि लाल सळई एकेका अर्थिंगच्या जागी लावत जावी: इंजिनाचा ब्लॉक, बॉडी, इनटेक मॅनिफोल्डवरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरचा) किंवा बॉडीवरचा ईसीएमचा अर्थिंग बोल्ट, आणि शेवटी ईसीएमच्या कपलरमधली अर्थिंगची पिन. या वेळी हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर, जे काही आहे ते चालू ठेवावे. ईसीएमच्या अर्थिंगवर ०.१ व्होल्टच्या आत आकडा राहावा. सेल मारताना ब्लॉकवर थोडा अधिक, अर्ध्या व्होल्टच्या आत, चालतो. त्याहून जास्त दिसल्यास सळई टप्प्याटप्प्याने बॅटरीकडे आणावी. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा एकदम उतरतो, दोष तिथेच असतो. काळ्या मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत खालच्या बाजूची इंजिन ते बॉडी जोडणारी पट्टी विशेष पाहावी. पावसाळ्यात तिच्यावर चढलेला चिखल महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो आणि आतून ती पट्टी धागा धागा होऊन तुटते. आमच्याकडे गंज म्हणजे स्वयंपाकाचे भांडे, पण या पट्टीला चढतो तो दुसरा.

धन बाजूही याच रीतीने तपासावी: लाल सळई बॅटरीच्या धन खांबावर, काळी सळई ईसीएमच्या पुरवठ्याच्या पिनेवर, चावी चालू. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंतची घट सोसता येते. जास्त असेल तर फ्यूजच्या पकडी आणि मेन रिले यांवर संशय घ्यावा. रिले टकटक वाजतो म्हणजे चांगला आहे असे नव्हे. आवाज कॉइलचा असतो, आणि जळतात ते आतले संपर्क. चावी चालू केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणण्याचा आवाज आला आणि चेक इंजिनचा दिवा लागला, तर ईसीएम जिवंत आहे एवढे समजावे. दोन्हीपैकी काहीच झाले नाही, तर सेन्सरांकडे वळण्याची वेळ अजून आलेली नाही.

कोड वाचणे

जुन्या गाडीत कोड वाचणारा स्कॅनर जोडायचा सोळा पिनांचा सॉकेट असेलच असे नाही, आणि असला तरी स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर तिच्याशी बोलेलच असेही नाही. सुझुकीच्या त्या पिढीतल्या अनेक गाड्यांत डायग्नोसिसची ठरलेली पिन अर्थिंगला जोडली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. एक लुकलुक, विराम, मग दोन लुकलुका असा १२ क्रमांक आला तर नोंदलेला दोष नाही. कोणती पिन ते मॅन्युअलमध्ये पाहूनच जोडावी. कोड हा सर्किटचा असतो, भागाचा नव्हे, हे मात्र विसरू नये. ‘तापमान सेन्सर सर्किट’ असा कोड आला तर त्यात सेन्सर, दोन वायरी, दोन कपलर आणि ईसीएम इतके सगळे आरोपी असतात.

पाच व्होल्टचा पुरवठा

थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा) सेन्सर आणि मॅनिफोल्डमधल्या दाबाचा, म्हणजे मॅप, सेन्सर यांना ईसीएम आतून पाच व्होल्ट देतो. कपलर काढून, चावी चालू ठेवून, पुरवठ्याची पिन आणि सेन्सरच्या अर्थिंगची पिन यांमध्ये मोजावे, ४.९ ते ५.१ च्या जवळपास आकडा हवा. शून्य किंवा एखाद-दोन व्होल्ट दिसले तर ईसीएम गेला असे लगेच म्हणू नये. हीच लाइन बहुधा अनेक सेन्सरांना वाटून दिलेली असते, आणि एकाच सेन्सरमधले किंवा एकाच सोललेल्या वायरीतले शॉर्ट सगळ्यांचा पुरवठा खाली ओढते. मीटर लावून ठेवून बाकीचे सेन्सर एकेक करून सुटे करावेत. ज्याचा कपलर निघताच पाच व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. सगळे सुटे करूनही आकडा येत नसेल तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, तपासावा, आणि ईसीएमचा विचार त्यानंतर.

तापमानाचा सेन्सर, पाण्याच्या गंजात

कूलंटच्या तापमानाचा सेन्सर हा दोन पिनांचा रोधक असतो; तापमान वाढले की त्याचा रोध उतरतो. २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलो-ओहम, ४० अंशांना सव्वा किलो-ओहमच्या आत-बाहेर आणि ८० अंशांना ३०० ते ३३० ओहम, असे या पिढीच्या गाड्यांत सापडते. मॅन्युअलमधला पहिला आकडा बहुधा २० अंशांचा असतो, आणि इथेच आपल्याकडे फसगत होते. मे महिन्यात टिनाच्या शेडमधली गाडी सुरूही न करता ४५ अंशांवर बसलेली असते, त्यामुळे थंड गाडीचा सेन्सर एक किलो-ओहमच्या आसपास दाखवतो आणि तो बिघडला असा समज होतो. उलट डिसेंबरात पहाटे तोच सेन्सर साडेतीन-चार किलो-ओहम दाखवील. तेव्हा हवेचा अंदाज न बांधता सेन्सर काढून गंजातल्या पाण्यात बुडवावा, शेजारी तापमापी ठेवावी, सुरुवात माठाच्या पाण्याने करून गंज चुलीवर चढवावा आणि दर दहा अंशांना आकडा वहीत लिहावा. पिना पाण्याबाहेर राहिल्या पाहिजेत. आकडा सरळ उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा क्षणभर मीटर अनंत दाखवू लागले, तर सेन्सर टाकून द्यावा.

सेन्सर चांगला निघाला तर वायर तपासण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून ३३० ओहमचा रेझिस्टर आणावा, आणि सेन्सरच्या जागी तो कपलरच्या दोन पिनांमध्ये जोडावा. ईसीएमला आता इंजिन ८० अंशांवर आहे असे वाटले पाहिजे. स्कॅनर असेल तर तो तसे दाखवील. नसेल तर ईसीएमच्या टोकाला सिग्नलच्या पिनेवर आणि रेझिस्टरच्या टोकाला त्याच वायरीवर व्होल्टेज मोजावे. दोन्ही आकडे एकच आले तर वायर निर्दोष आहे, फरक पडला तर मध्ये कुठेतरी रोध आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, तसाच हिरवट थर कपलरच्या पिनांवर चढतो आणि दोन-तीनशे ओहमची भर घालतो. सेन्सरचा स्वतःचा रोध गरम असताना ३०० ओहम, म्हणजे त्या भरीने ईसीएमला गरम इंजिन थंडच वाटत राहते. तो पेट्रोल वाढवतो, प्लग काळे पडतात, आणि मालक म्हणतो की गाडी ॲव्हरेज देत नाही.

थ्रॉटल आणि मॅप

थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल पाय उचललेला असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर चार-साडेचार व्होल्टपर्यंत जावा. महत्त्वाचे आहे ते मधले अंतर. चावी चालू, इंजिन बंद, थ्रॉटल अगदी हळूहळू उघडावा. आकडा कुठे अडखळला तर आतली पट्टी तिथे झिजली आहे. या कामाला जुने काट्याचे मीटर डिजिटलपेक्षा चांगले, कारण काट्याची थरथर डोळ्याला दिसते.

मॅप सेन्सर चावी चालू आणि इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचाच दाब सांगतो. वर्धा जिल्ह्यात आपण समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर आहोत, तेव्हा आकडा चार व्होल्टच्या आगेमागे मिळतो; चिखलदऱ्याला अकराशे मीटरवर हवेचा दाब इथल्यापेक्षा नऊएक टक्क्यांनी कमी असल्याने आकडाही त्या प्रमाणात उतरलेला दिसेल, तो दोष नव्हे. इंजिन सुरू होऊन आयडलिंगला आले की आकडा एक ते दीड व्होल्टपर्यंत खाली यावा. तसा आला नाही तर आधी रबरी नळी पाहावी. आपल्या उन्हाने ती कडक होऊन बुडाशी चिरते, आणि चीर बोटाने दाबल्याशिवाय दिसत नाही.

क्रँक, ऑक्सिजन, इंजेक्टर

क्रँक किंवा कॅमचा सेन्सर दोन प्रकारचा असतो. दोन वायरींचा चुंबकीय प्रकार असेल तर त्याची कॉइल ओहममध्ये मोजता येते, आणि सेल मारताना त्याच्या टोकांवर एसी व्होल्टेज दिसते. तीन वायरींचा हॉल प्रकार असेल तर ओहममध्ये मोजून काहीच कळत नाही. त्याला पुरवठा आणि अर्थिंग मिळते का हे पाहून, क्रँक हाताने पान्याने फिरवत सिग्नल खाली-वर होतो का ते पाहावे. त्याची वायर प्लगच्या वायरींना चिकटून गेलेली असेल तर दूर बांधावी. गरम झाल्यावरच बिघाड होत असेल, तर सेन्सरवर ओला फडका ठेवून इंजिन पुन्हा सुरू होते का हे पाहणे हा चांगला पुरावा आहे. माझ्या मेकॅनिकने तो घेतला असता, तर एक सेन्सर वाचला असता.

ऑक्सिजन सेन्सर तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर होतो. इंजेक्टरची कॉइल बहुधा १२ ते १६ ओहमची असते. चावी चालू असताना त्याच्या एका वायरीवर १२ व्होल्ट असतात आणि दुसरी ईसीएम अर्थिंगला जोडतो-तोडतो.

उंदराने कुरतडलेली वायर जोडताना

कोठ्यात ठेवलेल्या गाडीच्या इनटेकखाली, जिथे हात पोचत नाही अशा जागी, उंदीर कापसाचे घर करतो. हार्नेसवरची टेप तिथे पूर्ण सोलून पाहावी, कारण वरून शाबूत दिसणाऱ्या वायरीची खालची बाजू अनेकदा तांब्यापर्यंत कुरतडलेली असते. बारीक आरसा आणि मोबाइलची बत्ती यासाठी उपयोगी पडते. इंजिन चालू ठेवून हार्नेस वितभर-वितभर हलवत जावे. ज्या जागी मिसिंग होते तिथे खूण करावी.

जोड देताना घरफिटिंगची किंवा मोटारपंपाची वायर वापरू नये. बारीक तारांची, त्याच जाडीची, शक्यतो त्याच रंगाची गाडीची वायर आणावी. अनेक वायरी तुटल्या असतील तर सगळे सांधे एका रांगेत न येता मागे-पुढे यावेत. क्रिंप करून वर आतून डिंक असलेली श्रिंक स्लीव्ह चढवावी. डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचे, असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाकावी, नाहीतर डाग संपतो तिथे ती हादऱ्याने तुटते, आणि लोडशेडिंगमुळे सोल्डरिंगची इस्त्री अर्धवट तापली असताना दिलेला डाग नंतर सुटतोच. ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या वायरीला मात्र डाग देऊ नये, कारण अनेक सेन्सरांत बाहेरची हवा त्या वायरीतूनच आत जाते. साध्या पीव्हीसी टेपचा डिंक आपल्या उन्हाळ्यात वितळून वाहतो, म्हणून वरून कापडी टेप गुंडाळावी आणि बाहेर लवचीक नळी घालावी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंपाच्या जोरदार धारेने इंजिन धुण्याची हौस असेल, तर निदान कपलरांवर प्लास्टिक बांधावे.

काम झाल्यावर ईसीएमचा फ्यूज मिनिटभर काढून जुने कोड पुसावेत, इंजिन सुरू करून रेडिएटरचा पंखा किमान दोनदा लागून बंद होईपर्यंत उभ्या जागी चालू ठेवावे, आणि मग वावराच्या खडबडीत रस्त्यावर अर्धा तास फिरवून आणल्यावर, इंजिन गरम असतानाच, पंखा आणि हेडलाइट लावून ईसीएमच्या अर्थिंगवरचा आकडा पुन्हा एकदा मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवावा.